समई तासाभरात मंदावते आणि काजळी धरते: दोष तेलात, वातीत की दिव्यात?

संध्याकाळी समई लावली तेव्हा तेल पुरेसे होते आणि ज्योत सरळ उभी होती. तासाभराने पाहिले तर ती हरभऱ्याएवढी उरलेली आणि वातीच्या टोकावर काळी गाठ धरलेली. काडीने वात पुढे सारली की पंधरा-वीस मिनिटे पुन्हा उजेड पडतो आणि मग पुन्हा तोच प्रकार. श्रावणापासून ही तक्रार ऐकू येऊ लागते आणि घटस्थापनेनंतर, म्हणजे दिवा नऊ दिवस अखंड तेवत ठेवायचा असतो तेव्हा, ती घरातल्या माणसांना अगदी मेटाकुटीला आणते. बहुतेक घरांत याचे खापर आधी तेलावर फुटते. तेल भेसळीचे निघाले असे ठरते, दुसरे आणले जाते, ते पहिल्यापेक्षा महाग असते आणि दिवा जसाच्या तसा मंदावतो.

तेल कधीच दोषी नसते असे नाही, परंतु तपासाच्या क्रमात त्याचा क्रमांक बराच खाली लागतो. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती न ठरवता केलेले उपाय बहुधा उलटे पडतात: दिव्याला तेल कमी पडते आहे की जास्त होते आहे?

काळे दोन प्रकारचे असते

दिव्यात मुख्यतः जळते ते तेल, कापूस नव्हे. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल वर चढते, ज्योतीच्या उष्णतेने टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. तेल टोकापर्यंत पोहोचत असते तोवर तेच कापसाला जळण्यापासून वाचवते, म्हणून नीट चाललेल्या दिव्याची वात तासन्‌तास फारशी झिजत नाही. पुरवठा मागणीपेक्षा कमी पडला की टोक कोरडे पडते, कापूस स्वतः जळू लागतो, त्याचा कोळसा होतो, त्या कोळशातून तेल नीट चढत नाही आणि टोक आणखी कोरडे पडते. ही काजळी. ती वातीवरच असते, कडक असते, काडीने टोचली तर तुकडा मोडून पडतो आणि तिच्यावरची ज्योत लहान व मलूल असते.

दुसऱ्या प्रकारात तेल भरपूर पोहोचते, त्याची वाफही भरपूर होते, पण तेवढी वाफ जाळायला भोवतालची हवा पुरत नाही, आणि न जळलेला कार्बन धुरावाटे वर जातो. अशी ज्योत उंच, तांबूस आणि शेंड्याला फाटलेली दिसते. येथे काळी होते ती देव्हाऱ्याची महिरप, वरची भिंत किंवा दिव्याची काच. वातीचे टोक मात्र ओलसर आणि मऊ असते.

दोन्ही वेळा आपण ‘दिवा काळे करतो’ एवढेच म्हणतो आणि दोन्हींवर वात पुढे ओढण्याचा एकच उपाय करतो. धुराच्या दिव्यात त्याने धूर वाढतो, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येते. तेल कमी पडणाऱ्या दिव्यात मात्र हा उपाय फसवा ठरतो. पुढे आलेला नवा भाग आधीच तेलात भिजलेला असल्यामुळे तो काही मिनिटे झकास जळतो. पण आता उघडी वात लांबली, ज्योत मोठी झाली, तेलाची मागणी वाढली आणि पुरवठा होता तेवढाच राहिला. साहजिकच पुढच्या खेपेला दिवा अधिक लवकर मंदावतो. दर वेळी वात सारण्यामधले अंतर कमी होत चालले असेल, तर दिव्याला तेल कमी पडते आहे असे समजावे.

खात्रीसाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. दिवा जळत असताना स्टीलच्या काडीने वात चोचीच्या काठापाशी, ज्योतीच्या जरा मागे, हलकेच दाबावी. तेलाचा थेंब डोकावला तर पुरवठा ठीक आहे, दाबलेली जागा कोरडी लागली तर नाही. दुसरी चाचणी धुराची: स्वच्छ, कोरडा स्टीलचा चमचा ज्योतीच्या शेंड्यापासून चार बोटे वर काही क्षण धरावा. चमच्यावर काळा डाग लगेच उमटला तर तेल जास्त होते आहे किंवा हवा कमी पडते आहे.

पहिला संशय पातळीवर

तेल कमी पडणाऱ्या दिव्यात सर्वांत आधी पाहायचे ते तेलाच्या पृष्ठभागापासून ज्योतीपर्यंतचे उभे अंतर. वातीला तेल तेवढे वर उचलावे लागते आणि हे अंतर वाढत जाते तसा पुरवठा घटतो. सैल वळलेल्या कापसाच्या वातीतून तिळाचे तेल दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत बऱ्यापैकी चढते. त्यापुढे ते पोहोचते, पण ज्योत धरून ठेवण्याइतके पोहोचत नाही.

आता हिशेब करून पाहू. मध्यम जाडीची एक वात ताशी साधारण ५ ग्रॅम तेल जाळते असे धरले, तर रात्रीच्या ८ तासांत ४० ग्रॅम म्हणजे सुमारे ४३ मिलिलिटर तेल जाते. समईच्या वाटीचे तोंड १० सेंटिमीटर रुंद आणि कडा उभ्या असतील, तर तेवढ्या तेलाने पातळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरते आणि वातीला त्याची जाणीवही होत नाही. वाटी ६ सेंटिमीटर रुंद असेल तर मात्र तेवढ्याच तेलाने पातळी दीड सेंटिमीटर खाली जाते. रात्री दहाला उत्तम असलेला दिवा पहाटेपूर्वी वाटीत निम्मे तेल शिल्लक असताना का विझतो, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढ्यातच असते. ‘तेल होते तरी विझला’ हे वाक्य घरात अपशकुनासारखे उच्चारले जाते. प्रत्यक्षात तेल होते, फक्त ते वातीच्या आवाक्याबाहेर होते.

म्हणून अरुंद वाटीच्या दिव्यात एकदम भरपूर तेल घालून निश्चिंत होण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे घालावे आणि पातळी काठाच्या अर्धा सेंटिमीटर खाली राखावी. पातळी वर यावी म्हणून वाटीत काचेच्या गोट्या किंवा खडे टाकण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने पातळी वर येते हे खरे, पण वाटीत मावणारे तेल कमी होते आणि पातळी पूर्वीपेक्षा वेगाने उतरते. त्यामुळे रात्रभराच्या दिव्याला त्याचा काही उपयोग नाही. वातीचे शेपूट तरंगू नये म्हणून त्यावर नाणे ठेवण्याची पद्धत मात्र चांगली आहे. फक्त ते नाणे वाटीच्या तळाशी, शेपटावर असावे, चोचीजवळ नसावे.

पातळीचा प्रश्न मुळापासून सोडवणारी रचना म्हणजे तरंगती वात. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेलाचा थर आणि बुचाच्या किंवा पातळ पत्र्याच्या तरंगत्या चकतीत बसवलेली छोटी वात. तेल उतरते तशी चकतीही उतरते आणि वातीला तेल उचलावे लागते ते अंतर शेवटपर्यंत तेवढेच राहते. काही जुन्या टांगत्या दिव्यांत वर बसवलेल्या धातूच्या पक्ष्याच्या पोटात तेलाचा साठा असतो आणि खालच्या वाटीत पातळी उतरली की त्यातून थेंबाथेंबाने भर पडते, तीही याच अडचणीवरची तोड. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचा मोठा संग्रह आहे. तो पाहताना नक्षीकामाबरोबर तेल कोठे साठते आणि वात त्यापासून किती उंच बसते याकडे लक्ष दिले, तर जुन्या कारागिरांनी या प्रश्नाचा किती विचार केला होता ते कळते.

तेल: वजन नव्हे, वाहणे

पातळी ठीक असूनही दिवा मंदावत असेल तर तेलाकडे वळावे, पण भेसळीच्या संशयाने नव्हे. तेल किती सहज वाहते ते पाहावे. खोलीच्या तापमानाला तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल रॉकेलच्या मानाने तीस-चाळीस पट संथ वाहते आणि एरंडेल त्याच्याही साधारण दहा पट. एरंडेल घातले की दिवा जास्त वेळ टिकतो हे घरोघरी ठाऊक असते. त्याचे कारण एवढेच की ते वातीतून हळू चढते आणि म्हणून हळू जळते. चार भाग तिळाच्या तेलात एक भाग एरंडेल मिसळले तर फायदा होतो. निम्मे-निम्मे केले, आणि वाटी खोल असेल, तर तेच एरंडेल दिवा विझवते.

तेल तापले की फार सैल होते. तिळाचे तेल २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याचा संथपणा जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. पितळेची समई थोड्या वेळात स्वतः तापते आणि चोचीतले तेल तापवते, म्हणून काही समया सुरुवातीला मंद असतात आणि अर्ध्या तासाने आपोआप सुधारतात. असे होत असेल तर तो दोष नव्हे. हात लावू नये. मातीच्या पणतीत ही सोय नसते, कारण माती उष्णता फारशी पुढे नेत नाही. त्यातून कोरी पणती तेल पिते, ते वेगळेच. ती आधी काही तास पाण्यात बुडवून, मग वरून पुसून आणि सुकवून घ्यावी.

कोकणात आणि गोव्यात देवापुढे खोबरेल वापरले जाते आणि तेथील हवेत ते उत्तम चालते. तेच तेल डिसेंबरात नाशकात किंवा पुण्यात वापरले की पहाटे वाटीत पांढरी वडी झालेली दिसते, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते. तुपाचे तसेच, किंबहुना अधिक. येथे आपल्याकडची ‘तुपाला फुलवात, तेलाला लांब वात’ ही पद्धत किती विचाराची आहे ते दिसते. निरांजनात फुलवात मधोमध उभी असते, ज्योत तुपाच्या बरोबर वर असते आणि तिच्या उष्णतेने भोवतालचे तूप वितळत राहते. समईत ज्योत काठावर, चोचीच्या टोकाशी असते आणि तुपाचा साठा तिच्यापासून दूर. थंडीत तो साठा गोठतो आणि वातीला भरल्या वाटीतूनही काही मिळत नाही. तेव्हा समईत तूपच हवे असा नेम असेल, तर तो उन्हाळ्यात पाळणे सोपे आहे. थंडीत तूप पातळ करून घालावे आणि मोठ्या समईऐवजी लहान, उथळ निरांजन घ्यावे. बर्फाळ देशांत राहणाऱ्या मराठी घरांनी तर हे कायमचेच लक्षात ठेवावे.

तूप नीट कढवलेले नसेल तर त्यात पाण्याचा अंश राहतो आणि गाळलेले नसेल तर बेरीचे कण. पाण्याने तडतड होते आणि कणांनी वात तुंबते. तळणीचे उरलेले तेल दिव्याला वापरण्याची काटकसर याच कारणाने महागात पडते: त्यातले जळके कण वातीच्या तोंडाशी गोळा होतात आणि पुन्हापुन्हा तापून दाट झालेले ते तेल मुळातच संथ असते.

करडई, जवस आणि काही प्रमाणात सूर्यफूल ही तेले हवेत सुकून चिकट थर धरतात. रोज वापरल्या जाणाऱ्या दिव्यात ते फारसे जाणवत नाही, पण आठवड्यातून एकदाच लागणाऱ्या दिव्यात वात त्या चिकट्याने भरते आणि पुढच्या वेळी तेल चढतच नाही. अशा दिव्याला शेंगदाणा, तीळ किंवा खोबरेल बरे. कोकणात पूर्वी उंडीचे आणि देशावर करंजाच्या बियांचे कडू तेल दिव्याला जाळत असत. खाण्याचे तेल जाळू नये हा हिशेब त्यामागे होता आणि आजही ते मिळाले तर चालते. ‘पूजेचे तेल’ म्हणून जे डबे विकले जातात त्यांवर घटक छापलेले असतील तर वाचावेत, कारण ती बहुधा मिश्रणे असतात आणि त्यांची वाहण्याची तऱ्हा एकमेकांशी जुळत नाही.

वात: किती जाड, किती पिळाची

माझ्या मते वातीची निवड हा या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विकतच्या वाती दिसायला एकसारख्या, गुळगुळीत आणि घट्ट पिळाच्या असतात, आणि तेलाच्या दिव्याला नेमका तोच घट्टपणा नको असतो. तंतू इतके आवळले जातात की मधल्या फटी राहत नाहीत. अशी वात दोन्ही टोके धरून पिळाच्या उलट दिशेने दोन-तीन वेढे सैल केली की पुष्कळदा तेवढ्यानेच दिवा सुधारतो. घरी वळायची असेल तर सरकी काढून हलक्या हाताने पिंजलेला कापूस घ्यावा. अंगणात देवकापसाचे झाड असेल तर प्रश्नच नाही. अनेक घरांत दोन वाती एकत्र करून लावतात. त्या दोन वाती शेजारी शेजारी ठेवून टोकाशी हलकेच एक कराव्यात, पूर्ण लांबीभर एकमेकींत पिळू नयेत, म्हणजे दोघींमधली फटही तेल वाहून नेते.

वातीची जाडी चोचीच्या खाचेवरून ठरते. खाचेत वात बसवल्यावर तिच्या शेजारून एक बारीक काडी सहज सरकली पाहिजे. मोठा उजेड हवा म्हणून जाड वात खाचेत ठासून बसवली की ती तेथेच चिमटली जाते. बाहेर मोठे टोक, आत आवळलेला गळा, आणि काजळीची पुरेपूर तयारी.

कापसात कृत्रिम धाग्याची भेसळ असेल तर ओळखणे सोपे आहे. चार तंतू उपटून पेटवावेत. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर टणक मणी राहतो. असा मणी जळत्या वातीच्या टोकाशी झाला की तेलाचा मार्ग बंद होतो आणि कितीही चांगले तेल घातले तरी फरक पडत नाही. पावसाळ्यात साध्या कापसाच्या वातीही दमट होतात. त्या डब्यात घट्ट झाकून ठेवाव्यात आणि लावण्यापूर्वी उन्हात किंवा गरम तव्याजवळ सुकवून, मग तेलात पंधरा-वीस मिनिटे पूर्ण भिजवून घ्याव्यात. कोरडी वात थेट पेटवली की पहिल्या मिनिटातच टोकाचा कोळसा होतो आणि ती वात पुढे कधी नीट चालत नाही. वातीला हळदकुंकू लावण्याची प्रथा असेल तर ते समईच्या दांड्याला लावावे. वातीत शिरलेली पूड तिच्या फटी बुजवते.

फुलवातीचे टोक किती जाड आणि किती उंच आहे यावर ज्योत ठरते. खालचे फूल हा केवळ बैठकीचा आणि साठ्याचा भाग. टोक तांदळाच्या दोन दाण्यांएवढे पुरे. त्याहून उंच ठेवले की निरांजन धुरते आणि ताम्हनातल्या देवावर काळे कण पडतात. त्रिपुरी पौर्णिमेची साडेसातशे धाग्यांची त्रिपुरवात किंवा काकड आरतीचा कापडी काकडा यांच्याबाबतीत धूर होणारच, कारण एवढ्या जाड वातीच्या मध्यापर्यंत हवा पोहोचत नाही. त्या उघड्यावर, रुंद भांड्यातच जाळाव्यात. काचेच्या धाग्याच्या ‘न जळणाऱ्या’ वाती रॉकेल किंवा पातळ पॅराफिनसाठी ठीक आहेत. तिळाच्या तेलात त्यांच्यावर कडक थर बसतो आणि कापसासारखे टोक खुडून टाकायची सोय राहत नाही.

धूर, ठिबकणे, तडतड

जास्त तेलाचा धूर असेल तर उपचार झटपट होतो: वात मागे घ्यावी. चोचीच्या काठापुढे गव्हाच्या दाण्याएवढी वात उघडी असली की पुरते. एवढ्याने धूर थांबला नाही तर हवा पाहावी. बाजारातल्या अखंड दिव्यांवर काचेचे झाकण असते आणि त्याच्या तळाशी हवा आत येण्यासाठी भोके किंवा खाचा असतात. त्याभोवती आपण फुले रचतो, अक्षता टाकतो, आणि नेमकी तीच भोके बुजवतो. दिवा काचेत गुदमरू लागला की काच तासाभरात काळी होते. पंख्याचा झोत हे याच्या उलट टोक. त्याने ज्योत एका बाजूला लवते, तेल अर्धवट जळते आणि एकाच बाजूची भिंत काळवंडते.

समईखाली तेलाचे थारोळे साचत असेल तर आधी चोचीखाली बोट फिरवावे. तेथे तेल लागले तर वात चोचीबाहेर खाली लोंबते आहे: बाहेरचे टोक वाटीतल्या पातळीपेक्षा खाली गेले की तीच वात तेल बाहेर ओढून काढते. टोक नेहमी वर वळलेले आणि पातळीच्या वर असावे. चोच कोरडी असून दांडा तेलकट असेल तर गळती वाटीखालच्या आट्यांतून आहे. तेथे सुती धागा गुंडाळण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण तो धागा स्वतःच वात होऊन तेल झिरपवत राहतो. नळकामात वापरतात ती पांढरी टेप दोन वेढे घालून आटे घट्ट करावेत.

तडतड म्हणजे पाणी. धुतलेल्या समईच्या चोचीत राहिलेला थेंब, दमट वात, न कढलेले तूप, किंवा काही वेळा देवाला वाहिलेल्या ओल्या फुलांतून ठिबकलेले पाणी. तेलाखाली पाणी साचले असेल तर ते दिसते. तेल दुसऱ्या भांड्यात अलगद ओतून तळ टाकून द्यावा.

धुणे आणि कळकणे

आषाढी अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, घरातले सगळे दिवे घासून पुसून पाटावर मांडण्याची रीत आहे. वर्षातून एकदा तरी दिवा पूर्ण सुटा करावा याची ती आठवण. पण रोजच्या समईला वर्षभर थांबणे परवडत नाही. पितळेत तेल दिवसेंदिवस तसेच राहिले की ते हिरवट होते: तेलातली आम्ले आणि पितळेतले तांबे यांच्या संयोगाने बनलेला तो पदार्थ वातीत शिरतो आणि तिला तुंबवतो. हिरवे तेल गाळून पुन्हा वापरू नये. दर आठवड्याला वाटी रिकामी करून कापडाने पुसली तरी हा प्रश्न येत नाही.

चिंच किंवा पितांबरी यांनी पितळ चकाकते, परंतु चिकट तेलकट थरावर त्यांचा उपयोग कमी. तो थर आधी काढावा: धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात सुटे भाग अर्धा तास ठेवून जुन्या टूथब्रशने चोचीची खाच घासावी, मग चिंच. चिंच लावून दिवा तासभर विसरू नये. आम्लात फार वेळ राहिलेल्या पितळेवर तांबूस डाग येतात आणि ते सहज जात नाहीत. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन, लगेच पुसून, आटे वर करून उन्हात ठेवावे. आटे अडकले असतील तर पक्कड लावण्याआधी गरम पाणी ओतून पाहावे; जुने तेल सुकून तेथे गोंदाचे काम करत असते.

कंदिलाची गोष्ट वेगळी

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील अजून ज्या घरांत माळ्यावर आहे, तेथे हमखास विचारले जाते की रॉकेल मिळत नाही तर त्यात गोडे तेल चालेल का. चालत नाही. कंदिलाची पट्टीवात टाकीच्या तळापासून बर्नरपर्यंत पुष्कळ उंच चढते आणि गोडे तेल तेवढे चढत नाही. वात कोरडी जळते आणि कुजका वास येतो. पेट्रोल किंवा थिनर मिसळून तेल ‘पातळ’ करण्याचा विचारही करू नये, त्याने टाकी पेट घेते. दिव्यांसाठी मिळणारे पातळ पॅराफिन वापरावे. कंदिलाची ज्योत दोन शिंगांची झाली किंवा एकाच बाजूने काच काळी होऊ लागली, तर वातीचा वरचा काठ सरळ आडवा कापावा आणि दोन्ही कोपरे किंचित छाटावेत. बर्नरच्या जाळीतली मेलेली चिलटे झटकावीत, कारण हवा तेथूनच येते.

नऊ दिवसांचा दिवा

अखंड दिव्याची वात कधी ना कधी बदलावी लागतेच. काजळी खुडून दिवस काढता येतात, नऊ दिवस नाही. त्यासाठी दिवा निदान दोन चोचींचा असावा. नवी वात तेलात पूर्ण भिजवून दुसऱ्या चोचीत बसवावी, जुन्या ज्योतीवरून पेटवावी, ती पाच मिनिटे स्थिर राहिली की मगच जुनी चिमट्याने उचलून घ्यावी. काजळी काढताना ती वाटीत पडू देऊ नये. पडलेला तुकडा तेलाबरोबर फिरत नव्या वातीच्या मुळाशी येतो. भर घालायचे तेल दिव्याशेजारी कोमट राहील असे ठेवावे आणि चोचीपासून दूरच्या बाजूने ओतावे.

दिवा परातीत ठेवावा, पडद्यापासून आणि लाकडी महिरपीपासून हातभर दूर. उंदीर तेलाच्या वासाने जळती वातसुद्धा ओढून नेतात, त्यामुळे ज्या घरात त्यांचा वावर आहे तेथे रात्री भोके मोकळी असलेले काचेचे किंवा जाळीचे झाकण हवेच. वाटीतल्या सगळ्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. ताटली उपडी घालावी आणि ती तशीच राहू द्यावी. घर रात्रभर रिकामे राहणार असेल तर दिवा शांत करून परतल्यावर पुन्हा लावावा असे माझे स्पष्ट मत आहे, मग कोणी काही म्हणो.

नवा दिवा घेताना

वरचे सगळे करून पाहिले आणि दिवा तरीही मंदावतो, असे काही थोड्या दिव्यांत होते, आणि तेथे दोष ओतकामात असतो: चोच वाटीच्या तळापासून फार उंच, खाच फार अरुंद, किंवा वाटी पेल्यासारखी खोल. असा दिवा दुरुस्त होत नाही. तो शोभेला ठेवावा. नवा घेताना वजन आणि मोर-हंस पाहण्याआधी वाटीत पट्टी उभी धरून तळापासून चोचीच्या काठापर्यंतचे अंतर मोजावे. ते अडीच सेंटिमीटरच्या आत असावे आणि वाटीचे तोंड एका वातीसाठी निदान ८-१० सेंटिमीटर असावे. पाच चोचींची समई घेतली तर पाचही वाती एकाच वाटीतून तेल ओढतात हे धरून त्याहून मोठी वाटी पाहावी. घरची नेहमीची वात बरोबर न्यावी आणि खाचेत बसवून, शेजारून काडी सरकते का ते पाहावे. मग वाटीत पाणी भरून, दुकानदाराशी भावाची बोलणी होईपर्यंत ती कोरड्या कागदावर ठेवावी. आट्यांतून झिरपत असेल तर तेवढ्या वेळात कागद ओला होतो.